वाडीची लोकसंख्या, फाट्यावरची एसटी आणि २०११चा आकडा

चिरेबंदी

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आमच्या गावापुढे सार्वजनिक बससेवा ‘आहे’ असं छापलंय. खोटं नाही ते. सकाळी एक गाडी येते, सहाणेपाशी, म्हणजे गावात पालखी ठेवतात त्या चौथऱ्यापाशी, वळते नि जाते. सहाणेलगतच्या दोन वाड्या सोडल्या तर बाकीच्या वाड्यांना ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. वरच्या वाडीतून सहाणेपर्यंत यायचं तर पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून चांगली पाऊण तासाची उतरण. परतताना तीच वाट चढायची, खांद्यावर सिलिंडर नाहीतर रेशनचं पोतं घेऊन. पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, होता, त्याचा एक कठडा कधीच गेला. पावसाळ्यात पोरांना हात धरून पलीकडे सोडावं लागतं.

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, घाटाकडच्या अंगाला. नाव मुद्दाम देत नाही. त्या पट्ट्यातलं कुठलंही नाव घातलंत तरी पुढचं सगळं लागू पडेल.

पुस्तिकेची गंमत अशी की सोय गावात असेल तर ‘आहे’, नसेल तर जवळच्या ठिकाणाचं अंतर अक्षरात. पाच किलोमीटरच्या आत ‘ए’, पाच ते दहा ‘बी’, त्यापुढे ‘सी’. गाडी दिवसातून एकदा येते की दहादा, संध्याकाळी परतीला आहे की नाही, पावसात बंद असते का, यातलं काही त्या रकान्यात मावत नाही. आणि गाव म्हणजे महसुली गाव. त्यातल्या आठ वाड्या आठ दिशांना, पण आकडा सगळ्यांचा मिळून एकच.

आता आकड्याबद्दल. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९. राज्य त्याच दहा वर्षांत जवळपास १६ टक्क्यांनी वाढलं आणि आम्ही पावणेपाच टक्क्यांनी घटलो. शेजारचा सिंधुदुर्गही घटला, सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या, राज्यात ९२९. ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पुरुष मुंबईत आहेत एवढाच त्याचा अर्थ.

रस्ता मागायला गेलं की ‘लोकसंख्या किती?’ गाडी मागायला गेलं की ‘प्रवासी किती?’ लोक का गेले तर रस्ता नाही, गाडी नाही. रस्ता का नाही तर लोक नाहीत. पुढची जनगणना आता तोंडावर आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणून विचारतोय : वाडीचा आकडा नेमका कोण मोजतं, कुठल्या नियमाने, आणि आपल्या हातात त्यातलं काय आहे? अनुभव असलेल्यांनी लिहा. राजकीय पक्षांची धुणी इथे नकोत.


डबलबेल

वाहक म्हणून नोकरी संपवून घरी बसलोय, त्यामुळे गाडीपुरतं सांगतो.

खेड्यातली फेरी तोट्यात का जाते ते आधी समजून घ्या. सकाळी शाळा-बाजाराची माणसं गावातून तालुक्याला जाणार. म्हणजे गाडी आधी आगारातून गावापर्यंत जवळजवळ रिकामी आणायची आणि मग भरून न्यायची. संध्याकाळी उलटं, भरून आणायची नि रिकामी न्यायची. डिझेल चार खेपांचं, तिकिटं दोन खेपांची. याला जुना तोडगा म्हणजे मुक्कामी गाडी. रात्री शेवटची खेप गावात येते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन निघते. रिकामं धावणं वाचतं. गावाने फक्त एक खोली, पाणी, दिवा आणि संडास द्यायचा. कित्येक गावांनी तो शब्द पाळला नाही हेही लिहितो, रागावू नका. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर डास मारत काढलेल्या रात्री मला आठवतात. तसं कुठे कुठे रात्री पिठलं-भाकरीचं ताट न सांगता यायचं. दोन्ही खरं.

भारमान म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती विकली गेली. ते सबंध फेरीचं निघतं. तुमच्या गावाला पंधरा माणसं चढली काय नि दोन काय, कागदावर आकडा जाता-येताचा एकत्र. त्यामुळे गाव शेवटचं असलं की मार खातं. ‘अमुक गावापर्यंतच भरते, पुढचे सात किलोमीटर कापा’ असा शेरा आला की शेपटाकडची दोन गावं गळतात.

एसटी १ जून १९४८ला पुणे–नगर अशी पहिल्यांदा धावली, ‘गाव तिथे एसटी’ नंतर आलं. पण २०२१-२२च्या लांबलेल्या संपानंतर ज्या खेड्यांतल्या फेऱ्या थांबल्या त्या सगळ्या परतल्या नाहीत. त्या पाच-सहा महिन्यांत लोकांनी दुचाक्या घेतल्या, वडाप, म्हणजे भरली की सुटणारी खाजगी जीप, लावलं. प्रवासी एकदा मोडला की परत जोडायला फार दिवस लागतात.


मनीऑर्डर

डबलबेलकाका, पिठलं-भाकरीवाला वाहक तुम्हीच असणार :)

मी मुंबईकर चाकरमानी. चिरेबंदी, सोपा उपाय आहे. फेब्रुवारीत, मोजणीच्या वेळी, आम्हा सगळ्यांची नावं गावच्या घरात लावा. रस्त्याला पाचशे माणसं लागतात ना, आकडा आपोआप पाचशेच्या वर. गणपतीला सगळं गाव भरलेलंच असतं, हजारोंनी जादा गाड्या सुटतात कोकणात. तेव्हा कोणी विचारत नाही भारमान किती म्हणून.


खडूफळा

मनीऑर्डर, तो उपाय नव्हे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, २०११ला प्रगणक होतो, नियम पाठ आहे.

मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ अशी झाली. माणूस नेहमी जिथे राहतो तिथे, त्या वीस दिवसांत थोडा वेळ जरी हजर असला, तरी त्याला तिथे धरायचं. सगळेच्या सगळे दिवस बाहेर असला तर तिथे धरायचं नाही, जिथे सापडेल तिथे धरायचं. तुम्ही वर्षभर डोंबिवलीत राहता, म्हणजे डोंबिवलीतच मोजले जाणार. घर गावाला आहे, मतदान गावाला आहे, पालखीचा मान गावाला आहे, यातल्या कशाचाच जनगणनेशी संबंध नाही. दोन्हीकडे नाव देणं म्हणजे जाणूनबुजून खोटी माहिती, १९४८च्या जनगणना कायद्याखाली तो गुन्हा आहे. दंड हजार रुपयांपर्यंतचा आहे म्हणून हसू नका. तुमच्याकडून माहिती घेणारा प्रगणक गावचाच गुरुजी असतो, निस्तरावं त्याला लागतं.

बाकी चिरेबंदींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर : जनगणना वाडीचा वेगळा आकडा छापत नाही. प्रगणक गटाचा नकाशा काढताना आम्ही वाडीवार घरं दाखवतो, पण छापून येतं ते महसुली गावाचं.


खडी_मुरूम

उरलेलं अर्धं मी देतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आयुष्य गेलं.

रस्त्याच्या केंद्रीय योजनेत, म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत, एकक महसुली गाव नाही, वस्ती आहे. योजना २५ डिसेंबर २०००ची. सपाट प्रदेशात ५०० लोकसंख्येची वस्ती, डोंगरी राज्यं, वाळवंट आणि पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागात २५० ची, पुढे नक्षलग्रस्त तालुक्यांत १०० ची. तेव्हा आकडा २००१चा धरत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात तो २०११चा आहे. उंबरठा तोच, फक्त आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेले, जिल्हे आणि तालुके २५०च्या यादीत आले. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे आकांक्षित जिल्हे.

आता कोकणाची अडचण बघा. महाराष्ट्र ‘डोंगरी राज्य’ नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पाचव्या अनुसूचीत नाहीत. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतली वाडी कागदावर सपाट प्रदेशातली, तिला ५००चा उंबरठा.

पण एक दार आहे आणि ते बहुतेक सरपंचांना ठाऊक नसतं. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. सपाटीवर ५०० मीटरच्या परिघात, डोंगरात पायवाटेने दीड किलोमीटरपर्यंत. वाडीचं अंतर कागदावर पायवाटेने मोजून लिहिलं गेलंय की नकाशावर पट्टी ठेवून, इथेच पुष्कळ प्रकरणं तरतात किंवा बुडतात. तसंच उलटं : बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या (डोंगरात दीड किलोमीटरच्या) आत असलेली वस्ती ‘जोडलेली’ धरतात. चिरेबंदी, तुमची वरची वाडी सहाणेपासून पायवाटेने किती, हे आधी मोजा. दीडच्या आत भरली तर ती ‘जोडलेली’च. मग केंद्राच्या योजनेचा नाद सोडा आणि साकवाच्या मागे लागा.


चिरेबंदी

दीडच्या थोडी पुढे भरावी. पायवाट नागमोडी आहे, नकाशावर ती मुळात काढलेलीच नाही. मोबाइलवर चालून नोंद करून बघतो.


हिशेबनीस

गोड बोलणारे बरेच झाले, मी जरा कडू लिहितो.

चौथ्या टप्प्याचं गणित सरकारनेच दिलंय : २५,००० वस्त्या, ६२,५०० किलोमीटर, ७०,१२५ कोटी रुपये. भागून बघा. किलोमीटरला एक कोटी बारा लाख, वस्तीला दोन कोटी ऐंशी लाख. अडीचशे माणसांची वस्ती धरली तर माणशी एक लाख बारा हजार. त्यातली निम्मी माणसं साठीच्या पुढची, तरुण शहरात. वीस वर्षांनी त्या डांबरावर कोण चालणार? तेवढ्या पैशात त्या कुटुंबांना गावठाणाजवळ जागा आणि घर देता येईल. वर्षभर बससेवाही मिळेल, शाळाही, दवाखानाही. विखुरलेपण ही निवड आहे आणि तिची किंमत सगळ्यांनी का द्यायची?

शिव्या द्यायच्या तर आकड्यांसकट द्या.


सातपुडा

आकड्यांसकटच देतो.

दवाखान्याचा नियम बघा. उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकसंख्येला, डोंगरी-आदिवासी भागात ३,०००ला. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,०००ला किंवा २०,०००ला. आमच्याकडे पाडे डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले. २०,००० माणसं गोळा करायची तर किती दऱ्या ओलांडाव्या लागतात ते नकाशावर बघा. १०८ची गाडी २०१४ पासून आहे, चांगली आहे, पण ती डांबर संपतं तिथे उभी राहते. तिथून वर बांबूची झोळी. बाळंतीण झोळीत आणि चार माणसं खांद्याला. ही माणसं कुठून येतात? त्याच पाड्यातून. तरुण गेले की झोळी उचलायलाही कोणी उरत नाही.

तुम्ही म्हणता विखुरलेपण ही निवड. धडगाव तालुक्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा नर्मदाकाठच्या पाड्यांचे जुने रस्ते पाण्याखाली गेले, तिथे आज बोट हेच वाहन आहे आणि दवाखानाही तरंगता. साताऱ्यात कोयनेच्या शिवसागरापलीकडे कांदाटी खोऱ्यातली गावं तशीच, तापोळा-बामणोलीहून लाँच. ही निवड कोणाची होती? वीज आणि पाणी खाली आलं, माणसं वर राहिली. त्यांना रस्ता देणं हा खर्च नाही हो, उशिरा फेडलेली उधारी आहे.


हिशेबनीस

धरणाचा मुद्दा मान्य. तिथे माझं गणित लागू नाही. पण कोकणातल्या वाड्यांवर कुठलं धरण आलं?


कोयत्याची लेक

मी बीड जिल्ह्यातली. या धाग्यात आमचं कोणी नाही म्हणून लिहिते.

खडूफळा सरांनी फेब्रुवारीचा नियम सांगितला तो वाचून पोटात कालवलं. फेब्रुवारीत आमचा तांडा रिकामा असतो सर. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला निघतात, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. सांगली, कोल्हापूर, सातारा, काही कर्नाटकात. परततात पाडव्याच्या आसपास किंवा त्याही नंतर. मागं म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली काही लेकरं. नियमानं बघितलं तर आमची माणसं फडावर, पालात मोजली जायची. म्हणजे ज्या गावात ती कधी राहणार नाहीत तिथला आकडा वाढणार आणि आमच्या तांड्याचा कमी होणार. मोजायला आलेले गुरुजी म्हाताऱ्यांना विचारून नावं लिहीत असतील तर तो त्यांचा भलेपणा.

आणि वाहतुकीचं म्हणाल तर ऑक्टोबरात आमच्या तांड्यावर ट्रॅक्टर आणि ट्रक थेट दारात येतात. मुकादमाला रस्ता बरोबर सापडतो. एसटीला सापडत नाही.


डबलबेल

ताई, शेवटची दोन वाक्यं एखाद्या आगारात फळ्यावर लिहून ठेवावीत अशी आहेत.


खडूफळा

नियम तोच आहे, ताई म्हणतात तसाच. कारखाना परिसरातल्या पालांची मोजणी तिथल्या प्रगणकाने करायची असते. पण फड रोज बदलतो आणि टोळीही हलते, त्यामुळे प्रत्यक्षात काही माणसं दोन्हीकडून सुटतात, काही दोन्हीकडे लागतात. म्हातारी सांगते, ‘पोरगा कामाला गेलाय, येईल.’ कधी गेला, महिना विचारला तर ‘झाले की दिवस.’ हंगामी स्थलांतर मोजायला फेब्रुवारी हा सगळ्यात वाईट महिना आहे, पण पाऊस नाही, शाळा चालू, शिक्षक हाताशी, म्हणून तोच सोयीचा.

शाळेचंही एक सांगायचंय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांच्या वर निघाल्या आणि २०२३ पासून समूह शाळांची भाषा सुरू झाली : लहान शाळा मिळून एक मोठी, मुलांना वाहनाने आणायचं. कागदावर ठीक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे लिहिलंय. वाडीतली शाळा उठली तर तिथल्या मुलाला वाहन लागणार, वाहनाला रस्ता लागणार, आणि रस्त्याला लोकसंख्या. आठवी-नववीला मुलगी घरी बसते ती अभ्यास जमत नाही म्हणून नव्हे. संध्याकाळी पाचला शाळा सुटते आणि साडेपाचला गाडी नाही म्हणून. मानव विकास कार्यक्रमाच्या, शाळेच्या मुलींसाठीच्या निळ्या बसगाड्या १२५ मागास तालुक्यांत याच कारणाने सुरू झाल्या. जिथे त्यांची वेळ शाळेच्या घंटेशी जुळते तिथे फरक डोळ्यांना दिसतो. जिथे जुळत नाही तिथे ती बाजाराची गाडी होते.


मनीऑर्डर

आमच्या आईला पंच्याहत्तरी झाली. ऑगस्ट २०२२ पासून तिला एसटी फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. फार छान. पण वरच्या वाडीपर्यंत जी गाडी येतच नाही तिच्यात आम्हा सगळ्यांनाच शंभर टक्के सवलत आहे. तिथे चालते ती वडापची जीप, माणसं भरली की सुटणार, म्हाताऱ्यांना सवलत म्हणजे पुढची सीट.


खडी_मुरूम

वडापला नावं ठेवतात सगळे, पण माझं मत वेगळं आहे. कायद्याने बघाल तर टप्प्याटप्प्यावर माणसं चढवत-उतरवत नेण्याचा परवाना त्या जीपला नाही, अपघात झाला तर विम्याचं त्रांगडं होतं, टपावर माणसं बसवतात, हे सगळं खरं. तरी वाडीच्या वळणावर थांबणारं, बाळंतपणाला रात्री दोनला हाक मारली तर उठणारं वाहन तेच आहे. तीन मीटरच्या रस्त्याला साजेसं वाहनही तेच.

तीन मीटरचं सांगतो. दिवसाला शंभरपेक्षा कमी मोटारी जाणार असतील तर ग्रामसडक योजनेत डांबरी पट्टा तीन मीटरचा करतात, नाहीतर पावणेचार. एसटी अडीच मीटरची. समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने साइडपट्टीवर उतरायचं आणि कोकणात साइडपट्टी पहिल्या दोन पावसांत धुपलेली. म्हणून रस्ता होऊनही गाडी येत नाही अशी गावं आहेत. रस्ता झाला की गाडी आलीच असं समजून लोक हार घेऊन उभे राहतात, आणि गाडी वळवायलाच जागा नसते.


डबलबेल

अगदी. गाडी सुरू करण्याआधी मार्गाची पाहणी होते : रुंदी, वळणं, चढ, मोऱ्या, आणि शेवटी गाडी एका दमात वळेल एवढी मोकळी जागा. मागे घेत-घेत वळवायचं म्हटलं की चालक नको म्हणतो. पोरं मागे खेळत असतात, त्याची नोकरी जाते. ठराव करणाऱ्या गावाने त्यात गाडी वळवण्याच्या जागेचा गट नंबर लिहिला तर तो कागद वजनदार होतो. नुसतं ‘बस सुरू करावी’ अशा ठरावांचे गठ्ठे सगळीकडे पडलेले असतात.


हिशेबनीस

हे उपयोगाचं आहे. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कोकणवाल्यांनी दिलेलं नाही.


चिरेबंदी

देतो. ‘तरुण शहरात, म्हणून खर्च वाया’ असं तुम्ही म्हणता. त्यांचे पैसे येतात, काजू-आंब्याच्या बागा उभ्या आहेत, निवृत्तीनंतर परत येणारेही आहेत. पण परत येणाऱ्याला साठीनंतर रक्तदाबाची गोळी दर महिन्याला लागते आणि ती आणायला पाऊण तास उतरायचं. तो वरच्या वाडीत राहत नाही, चिपळूणला फ्लॅट घेतो. म्हणजे जनगणनेत तो आधी मुंबईत, मग चिपळुणात. वाडीत तो कधीच नाही. तुम्ही ज्या आकड्यावरून ‘तिथे कोणी राहत नाही’ म्हणता, तो आकडा रस्ता नसल्यामुळे तसा आहे. कारण आणि परिणाम उलटे लावून बेरीज केलीत तर उत्तर नेहमी तुमच्याच बाजूने येणार.

गावठाणाजवळ घर देण्याचं म्हणाल तर आमचा माणूस बागेपासून लांब राहायला तयार नसतो. माकडं आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं पीक नेतात.


हिशेबनीस

बागेचा मुद्दा मी धरला नव्हता. मग किलोमीटरला कोटभर रुपयांच्या रस्त्याऐवजी साकव आणि जीप जाईल एवढी काँक्रीटची पाखाडी, यावर माझी हरकत नाही. त्यातही पाचशेच्या उंबरठ्यावर बोट ठेवून रडण्यापेक्षा ते लवकर होईल.


सातपुडा

पाचशे काय नि अडीचशे काय, जंगल लागलं की वेगळीच कथा. आमच्याकडे रस्ता मंजूर असतो आणि मधले आठशे मीटर वनखात्याचे. तिथे काम थांबतं आणि वर्षानुवर्षं मुरूमच राहतो. ज्यांच्या भागात ही अडचण आहे त्यांनी वनहक्क कायद्याचं २००६चं कलम ३(२) वाचा. रस्ता, शाळा, दवाखाना अशा तेरा सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळू शकते. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. सहा मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात दीड किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता बसतो. ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय पान हलत नाही, आणि तीच एक गोष्ट गावाच्या हातात आहे.

गडचिरोलीत गर्देवाड्याला पहिली एसटी १ जानेवारी २०२५ला पोचली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. लोकसंख्या त्या दिवशी अचानक वाढली नव्हती, आधी रस्ता झाला.


कोयत्याची लेक

आमच्याकडे जंगल नाही, डोंगर आहे तो बोडका. तरी तांड्याच्या रस्त्याला क्रमांकच नाही म्हणून पैसे टाकता येत नाहीत असं उत्तर मिळालं. हा क्रमांक काय प्रकार आहे?


खडी_मुरूम

ताई, हेच सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

राज्याच्या रस्ते विकास आराखड्यात जो रस्ता आहे त्याला दर्जा आणि क्रमांक असतो : प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे. निधी मागताना लेखाशीर्ष ३०५४ म्हणजे देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे बांधकाम, आणि प्रस्तावात रस्त्याचा क्रमांक लिहावा लागतो. क्रमांक नसेल तर तुमचा रस्ता सरकारच्या लेखी पायवाट, भले त्यावरून उसाचे ट्रक जात असोत. म्हणून पहिलं काम : पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन तालुक्याचा रस्ते नकाशा बघा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन ‘ग्रामीण मार्ग म्हणून दर्जा द्यावा’ असा प्रस्ताव जिल्हा परिषदेत जातो. लांबी, रुंदी, कुठून कुठे, वाटेत कोणाचे गट, सगळं हवं.

वित्त आयोगाच्या पैशातून करू म्हणणाऱ्यांना एक सूचना. पंधराव्या आयोगात साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. लहान ग्रामपंचायतीला लोकसंख्येप्रमाणे मिळतं थोडंच, त्यातले चाळीस टक्के घेऊन डोंगरात रस्ता होत नाही. फार तर मोरी होते.

आणि कोकणवाल्यांसाठी खास. ग्रामसडक योजनेत भूसंपादनाला पैसा नाही. जमीन गावाने द्यायची. मी जेवढे रस्ते अडलेले पाहिले त्यातले बरेचसे लोकसंख्येवर नाही, संमतीपत्रावर अडले. कोकणातला सातबारा उघडला की एका गटावर वीस-पंचवीस खातेदार. त्यातले दोघे गावात, बाकी मुंबई, पुणे, बडोदा. एकाची सही राहिली की तो कोपरा सोडून रस्ता होतो, किंवा होतच नाही. मनीऑर्डर, तुमच्यासारख्यांनी जनगणनेत नाव लावण्याऐवजी इथे सही लावली तर जास्त उपयोग.


मनीऑर्डर

ही चपराक बसली. खरं सांगायचं तर आमच्या चुलत्यांमध्ये बोलणं नाही, सही कसली घेताय. पण गणपतीत सगळे एका छताखाली असतात. दीड दिवस का होईना.


खडी_मुरूम

मग तेव्हाच घ्या. संमतीपत्रात गट नंबर, हिस्सा, रस्त्याची रुंदी आणि बाजू स्पष्ट लिहा. ‘रस्त्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर काम सुरू झालं की मोजणीच्या दिवशी हरकत येतेच. वाटेत येणारी कलमं, विहीर, गडगा, सगळ्यांची नोंद घाला.


खडूफळा

माझ्याकडून एक. घरयादी करायला प्रगणक येईल तेव्हा प्रत्येक वाडीतल्या एखाद्या जाणत्या माणसाने त्याच्याबरोबर फिरा. नकाशात वाडीचं नाव नीट लिहिलं जातंय का बघा. वरच्या वाड्या उन्हात चढायला नकोत म्हणून खालच्या घरात बसून विचारून भरल्या जातात, हे मी आमच्याच जातभाईंबद्दल लिहितोय. आणि कोयत्याची लेक, टोळीतल्या लोकांना सांगून ठेवा : फडावर प्रगणक आला तर टाळू नका, मोजून घ्या. आकडा तांड्याचा वाढणार नाही, पण माणूस तरी सुटणार नाही. फेब्रुवारीत एखाद्या लग्नाकार्याला कोणी चार दिवस गावी आलं असेल तर त्याची नोंद नियमाने गावातच होते, तेवढं ध्यानात ठेवा.


कोयत्याची लेक

चार दिवस यायचं म्हणजे खाडा पडतो सर, उचलीतून कापतात. पण सांगते. रस्त्याच्या क्रमांकाचं उद्याच विचारायला पाठवते भावाला.


चिरेबंदी

पायवाट मोजून आलो. सहाणेपासून वरच्या वाडीच्या पहिल्या घरापर्यंत एक किलोमीटर सातशे मीटर. म्हणजे दीडच्या बाहेर, ‘न जोडलेली’ म्हणून दावा होतो. पण वरची वाडी आणि तिच्या पलीकडची धनगरवाडी एकत्र धरूनही पाचशे भरतील असं वाटत नाही. म्हणून दोन कागद वेगवेगळे करतोय : साकवाचा आधी, ग्रामीण मार्गाच्या दर्जाचा दुसरा.

सातबारेही काढले. वाटेवरचा पहिलाच गट अठरा खातेदारांचा निघाला, त्यातले तिघे हयात नाहीत आणि वारस लागलेले नाहीत. आता आधी तलाठ्याकडे वारसनोंद. खडी_मुरूम साहेब, वारस लागेपर्यंत साकवाचा प्रस्ताव थांबवायचा की पुढे रेटायचा?


खडी_मुरूम

रेटा. पऱ्याचं पात्र सरकारी असतं, साकवाला खाजगी जागा लागलीच तर दोन्ही काठांना थोडी. तिथले गट कोणाचे ते बघा. जुन्या साकवाचा फोटो, पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्याची खूण आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची यादी जोडा. वारसनोंद चालू राहू दे.


डबलबेल

आणि साकव बांधतानाच जीप जाईल एवढा रुंद मागा. पायी जाण्यापुरता केला की पुन्हा वीस वर्षं कोणी हात लावत नाही.